धाप आणि एलडीएल एकत्र: स्टॅटिन, एझेटिमाइब की पीसीएसके-९ चं इंजेक्शन?

सीओपीडीचा, म्हणजे धाप लावणाऱ्या फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचा, पंप चालू आहे, त्यात रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, वाढलेलं निघतं. मग कुणीतरी सांगतं, "स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) घ्या, फुफ्फुसालाही बरं असतं." स्टॅटिन घेणाऱ्यांचा सीओपीडी कमी उसळतो, असं जुन्या नोंदी चाळणाऱ्या अभ्यासांत खरंच दिसलं होतं. पण जो गोळी नेमाने घेतो तो बहुधा पंपही नेमाने ओढतो. मग श्रेय कुणाला द्यायचं?

स्टॅटकोप या चाचणीचे निकाल २०१४ साली आले. ८८५ रुग्णांपैकी काहींना रोज ४० मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिन, तर बाकीच्यांना नुसती दिखाऊ गोळी दिली. आजार उसळण्याचं प्रमाण वर्षाला माणशी १.३६ आणि १.३९. म्हणजे फरक नाहीच. अर्थात, ज्यांना हृदयासाठी स्टॅटिन लागतच होतं त्यांना या चाचणीत घेतलं नव्हतं.

जनुकांकडून तपासण्याची रीत मला जास्त रंजक वाटते. स्टॅटिन ज्या एन्झाइमला अडवतं त्याचं जनुक एचएमजीसीआर, आतड्यात कोलेस्टेरॉल शोषू न देणाऱ्या एझेटिमाइब या गोळीचं एनपीसी१एल१, तर एलडीएल उतरवणाऱ्या पीसीएसके-९ च्या इंजेक्शनांचं नावातच आहे. काहींना यातल्या एखाद्या जनुकाची मंद आवृत्ती जन्मतःच मिळते, जणू औषधाचा बारीकसा डोस आयुष्यभर चालू. ती कुणाला मिळेल ही चिठ्ठी गर्भातच पडते. पुढे तो सिगारेट ओढेल की नाही याचा तिथे संबंध नाही. म्हणून अशा लोकांच्या फुफ्फुसांची तुलना बरीच निर्मळ ठरते.

निर्मळ, पण पूर्ण नाही. एचएमजीसीआरची मंद आवृत्ती असलेल्यांचं वजन आणि मधुमेहाचा धोका किंचित जास्त असतो. वजन वाढलं की फुंकण्याच्या तपासणीतले आकडेही उतरू शकतात. मग फुफ्फुसांत काही फरक दिसला, तर तो कोलेस्टेरॉलचा की पोटाच्या घेराचा? शिवाय, जन्मापासून असलेला फरक आणि साठीत सुरू केलेली गोळी एका मापाने मोजता येत नाहीत. उलटाही घोळ होतो: आजार बळावून माणूस खंगला की कोलेस्टेरॉल आपोआप उतरतं, आणि परिणामच कारण वाटू लागतो. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या फुफ्फुसाला जपणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात दोष असला तर फुफ्फुसाला थेट इजा होते. कोलेस्टेरॉलचं नातं तितकं सरळ नाही.

त्यामुळे औषध हृदयाकडे बघूनच निवडावं; सीओपीडीच्या रुग्णांत हृदयविकारही खूप आढळतो. सुरुवात स्टॅटिननेच. मोठ्या डोसात एलडीएल निम्म्यावर येतं, पण तिथून डोस दुप्पट केला तरी जेमतेम ६ टक्क्यांची भर पडते. त्यापेक्षा एझेटिमाइब जोडलं तर साधारण २० टक्के मिळतात. पीसीएसके-९ ची इंजेक्शनं ६० टक्क्यांपर्यंत उतरवतात, पण ती महाग. जन्मजात फार चढं कोलेस्टेरॉल, आधी झटका येऊनही न उतरणारं एलडीएल किंवा स्टॅटिन न सोसणं, अशांसाठी ठीक.

कुठलं स्टॅटिन, हे मात्र फुफ्फुसाच्या रुग्णाने नक्की विचारावं. कफ पिवळा-हिरवा झाला की कधी कधी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं जातं. ते सिम्व्हास्टॅटिनबरोबर चालत नाही: रक्तातलं स्टॅटिन चढतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते. आधीच जिना चढताना मांड्या भरून येणाऱ्या माणसाला हे दुखणं आजाराचंच वाटतं. रोसुव्हास्टॅटिनमध्ये हा धोका बराच कमी. अँटिबायोटिक लिहून घेताना स्टॅटिनची स्ट्रिप डॉक्टरांसमोर ठेवा.