जुन्या संगणकात मेमरी कार्ड बसवून घेण्याआधी हे वाचा

जुन्या संगणकाची बिघडलेली हार्ड डिस्क काढून तिथं मेमरी कार्डवर चालणारा ‘इम्युलेटर’, म्हणजे हार्ड डिस्कची नक्कल करणारा बोर्ड, बसवून देतो, असं सांगून पुण्यातल्या एका दुरुस्तीवाल्यानं माझ्या काकांना फसवलं. साडेअकरा हजार रुपये गेले आणि छापखान्याच्या जन्मभराच्या फाइली गेल्या. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पण फसवलं कसं, ते सगळं सांगतो, कारण जुनी यंत्रं जपणाऱ्या कुणावरही हीच वेळ येऊ शकते.

काकांचा छापखाना कराडला. तिथल्या ४८६ या जुन्या पिढीतल्या संगणकावर लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळी अंक जुळवले गेले. हा संगणक टाकून नवा घ्या म्हणणं सोपं आहे. पण त्यातलं मराठी डीटीपीचं सॉफ्टवेअर प्रिंटर पोर्टला लावलेल्या लॉकशिवाय उघडत नाही, आणि फाइलींमधला मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे. दुसरीकडे उघडला की नुसती चिन्हं दिसतात. म्हणून ते यंत्र चालतं ठेवणं भाग होतं. त्यातली २१० एमबीची डिस्क हल्ली सुरू होताना अडखळायची. काका यंत्रच घेऊन पुण्याला आले, मी सोबत गेलो.

दुरुस्तीवाल्यानं आमच्यासमोरच डिस्क एका यूएसबी अडॅप्टरला जोडली आणि लॅपटॉपची स्क्रीन आमच्याकडे वळवली. “काका, ही गेली. बघा, दिसतच नाही.” काका म्हणाले, “नीट बघा हो, काल तर फिरत होती.” त्यानं मान हलवली. आतलं हेड चिकटलंय, क्लीन रूममध्ये, म्हणजे धूळ नसलेल्या खोलीत, उघडावी लागेल, त्याचे वेगळे पैसे. शिवाय जर्मनीहून आणलेला इम्युलेटर बोर्ड आणि इंडस्ट्रियल दर्जाचं ४ जीबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश (सीएफ) कार्ड.

या तपासणीतच सगळी मेख होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या पुष्कळ आयडीई डिस्क (आयडीई म्हणजे डिस्क संगणकाला जोडायची तेव्हाची पद्धत) सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या जागेच्या लहान तुकड्याचा, पत्ता सिलिंडर, हेड, सेक्टर या जुन्या पद्धतीनंच समजतात. एलबीए ही सेक्टरना सलग क्रमांक देणारी नंतरची पद्धत त्यांना येत नाही, आणि बहुतेक यूएसबी अडॅप्टरना तेवढी एकच येते. त्यामुळे ठणठणीत डिस्कही लॅपटॉपवर दिसत नाही. हेच काम करणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. अशी डिस्क तपासायची तर मदरबोर्डवरच आयडीई पोर्ट असलेला जुना संगणक लागतो. तसा त्याच्या टेबलाखाली होता.

आठवड्याभरानं यंत्र परत आलं. सगळ्या फाइली जशाच्या तशा, एकही तुटलेली नाही. काकांना खूप आनंद झाला. डिस्क खरोखर मेली असती तर इतकी स्वच्छ प्रत निघणं जवळजवळ अशक्य होतं. ती फिरत होती, आणि त्यानं साध्या केबलनं फाइली उतरवून घेतल्या होत्या. जुनी डिस्क मागितली तर म्हणाला, “उघडलेली डिस्क देऊन काय करणार? भंगारात टाकली.”

पुढे काकांनी स्कॅन केलेल्या मोठ्या टिफ फाइली भरायला सुरुवात केली आणि एके दिवशी यंत्र सुरूच होईना. कार्ड माझ्याकडे आणून लिनक्सवर आधी त्याची प्रत काढली. पहिल्याच सेक्टरमध्ये, जिथं पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या विभागांची, नोंद असायला हवी, तिथं एका स्कॅनचा तुकडा होता. मग एफथ्री या प्रोग्रॅमनं तपासलं. ४ जीबी म्हणवणाऱ्या कार्डाची खरी जागा २५६ एमबी निघाली.

अशा कार्डाचा कंट्रोलर खोटी क्षमता सांगतो. खरी जागा संपली की पुढचं लिखाण पुन्हा सुरुवातीपासून आधीच्या मजकुरावर जातं, आणि कुठलीही चूक दाखवत नाही. जुन्या यंत्रात हे आणखी उशिरा कळतं. तिथल्या बायॉसला, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर, म्हणजे ५०४ एमबीच्या पुढचं दिसत नाही, आणि आपल्या जुन्या फाइली त्याहून कितीतरी कमी असतात. आमच्या कार्डावर फाइलींच्या नोंदीच्या दोन्ही प्रती सुरुवातीलाच होत्या, त्या एकदमच पुसल्या गेल्या. काही तुकडे हाती लागले, पण त्यांना नाव नाही, क्रम नाही.

कार्डाचा पत्रा उघडला तर आत मायक्रोएसडी कार्ड आणि जोडणारी चिप. जुन्या पेंटियम संगणकाला लावून एचडीपार्म या डिस्कची माहिती काढणाऱ्या प्रोग्रॅमनं विचारलं तर त्यानं स्वतःचं नावच ‘एफसी-१३०७ एसडी टू सीएफ अडॅप्टर’ सांगितलं. वर इंडस्ट्रियलचं स्टिकर. जर्मन बोर्ड म्हणजे काहीशे रुपयांना मिळणारी पट्टी होती. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डाला मुळातच आयडीईची भाषा येते, त्यामुळे तिथं इम्युलेटर लागत नाही, फक्त पिना जुळवायच्या असतात. जुन्या मॅकिंटॉशच्या स्कझी डिस्कची गोष्ट निराळी, स्कझी ही डिस्क जोडायची वेगळीच पद्धत. तिथं ब्लूस्कझी किंवा झुलूस्कझीसारखा, स्वतःचा प्रोसेसर असलेला खरा बोर्ड लागतो आणि त्याची किंमत रास्त असते. तेव्हा तुमच्या यंत्रात आयडीई आहे की स्कझी, हे दुकानात पाऊल टाकण्याआधी माहीत करून घ्या.

कार्ड कुणाकडूनही घ्या, त्यावर आपलं काही ठेवण्याआधी ते काठोकाठ भरून परत वाचून बघा. लिनक्सवर एफथ्री, विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, दोन्ही फुकट आहेत. डिस्क देताना सीरियल नंबरचा फोटो काढा आणि जुनी डिस्क परत मिळेल असं पावतीवर लिहून घ्या, मेली असली तरी. माझ्याकडे फोटो होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर त्या माणसानं एक डिस्क आणून दिली. तिचा नंबर वेगळा होता, कंपनीसुद्धा वेगळी. आता यूपीआयच्या नोंदी, फोटो आणि उघडलेलं कार्ड घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय.

आमची डिस्क कुठेतरी विकली गेली असावी असं मला वाटतं. तिच्या वरच्या बाजूला काकांनी लाल स्केचपेननं ‘अहवाल + दिवाळी’ असं लिहिलं आहे. जुन्या बाजारात अशी २१० एमबीची डिस्क दिसली तर कृपा करून ती फॉरमॅट करू नका. विकत घेऊन ठेवा, मागाल ती किंमत मी देईन.