शटर घराबाहेर गेलं की भाव त्यांचा

स्लायडिंग खिडकीची काच फुटली तर काचवाल्याला बोलवा, माप घेऊ द्या, भाव ठरवा, पण खिडकीचं शटर, म्हणजे काच बसवलेली सरकती चौकट, घराबाहेर जाऊ देऊ नका. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं वाचलं तरी चालेल. आमच्याकडून जे पैसे उकळले गेले ते काचेचे नव्हतेच. भर जुलैत, पंधराव्या मजल्यावर, येऊरच्या बाजूने आडवा पाऊस मारत असताना भिंतीत जे भगदाड उघडं पडलं, त्याचे होते.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. बेडरूमची काच कबुतरजाळी लावताना फुटली. जाळीवाल्याच्या ड्रिलचा हिसका बसला, काच तडकली आणि तिच्या हातभर लांब पात्या आत पलंगावर पडल्या. बाहेर पडल्या असत्या तर खाली मुलांचा झोपाळा आहे. म्हणून घरात सगळ्यांचं एकमत झालं की आता तिथे साधी काच नको, टफन लावायची. टफन फुटली तर तिचे बारीक बोथट खडे होतात, पात्या होत नाहीत. अर्थात खडे खाली पडतातच. ते पडूच नयेत असं वाटत असेल तर दोन काचांमध्ये फिल्म दाबलेली लॅमिनेटेड काच घ्यावी लागते, पण ती जाड असते आणि प्रत्येक शटरमध्ये बसत नाही.

नेटवर 'काच रिपेअर ठाणे' असं शोधलं की जे नंबर सगळ्यात वर येतात त्यातला एक लावला. पत्ता माजिवड्याचा, फोटो दुकानाचा, खाली भरभरून तारे. फोन उचलणारा मराठी आणि अगदी घरच्यासारखा बोलणारा. "ताई, आपलं ठाण्यातलंच काम आहे, टेन्शन घेऊ नका. टफन, ५ एमएम, १८० रुपये फूट, फिटिंग त्यातच. माल दुकानात पडलाय. आज कापतो, आज लावतो."

खरी गोम ह्या शेवटच्या वाक्यात होती. टफन काच कापताच येत नाही. आधी साधी काच हव्या त्या मापाची कापतात, तिच्या कडा घासतात, मग ती भट्टीत ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झपकन गार करतात. त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली आणि पोट ताणाखाली राहतं, आणि ती साध्या काचेच्या चौपट मजबूत होते. एकदा भट्टीतून निघाली की तिला काच कापायची हिरकणी लावा नाहीतर ड्रिल, सबंध काचेचा चुरा होतो. म्हणजे टफन काच तुमच्या खिडकीच्या मापाने आधी बनवून घ्यावी लागते, आणि त्याला दिवस लागतात. 'आज कापून आज टफन लावतो' म्हणणारा एकतर धंद्यात नवा आहे किंवा तुम्हाला नवं समजतोय.

दुपारी दोन पोरं आली. मापाची गंमत आधी सांगते. टेप लावला तो काचेला नाही, शटरच्या बाहेरच्या कडेला. मी म्हटलं, काच मोजा. मग काच मोजली : २६ इंच बाय ४५. कागदावर लिहिलं ३० बाय ४८. "मॅडम, ६ च्या पटीत धरतात." माप पुढच्या ३ किंवा ६ इंचांवर नेऊन पैसे लावायची पद्धत ह्या धंद्यात आहे, ते खोटं नाही. पण ती भाव ठरवताना फोनवर सांगायची असते. ह्या धंद्यात फूट म्हणजे चौरस फूट. २६ बाय ४५ म्हणजे सव्वाआठ फुटांच्याही आत. ३० बाय ४८ म्हणजे बरोबर १० फूट. बसल्या जागी दोन फूट काच वाढली.

मग म्हणाले, शटर दुकानात न्यावं लागेल, काच इथे बसत नाही, प्रेस मशीनवर बसवावी लागते. असलं कुठलंही मशीन लागत नाही. ॲल्युमिनियमच्या शटरचे कोपऱ्यांतले स्क्रू काढले की एक बाजू सुटते, जुनं रबर निघतं, नव्या काचेच्या कडेला रबर चढवून ती खाचेत सरकवायची आणि स्क्रू परत आवळायचे. घरात जमिनीवर सतरंजी टाकून होणारं काम. पण हे मला पुढे खऱ्या काचवाल्याने करून दाखवलं. त्या वेळी दोघांनी शटर अलगद उचलून ट्रॅकमधून काढलं होतं आणि एक जण लिफ्टचं बटण दाबून उभा होता. ॲडव्हान्स १५०० रुपये. क्यूआर स्कॅन केला तर नाव कुठल्याशा मोबाइल ॲक्सेसरीजचं. "ते आमच्या शेठचं दुसरं दुकान आहे."

संध्याकाळी फोन आला तेव्हा पाऊस सुरू झाला होता. आवाज तोच, गोडवा मात्र गेलेला. "ताई, शटर खोललं तर आतून सेक्शन पूर्ण वाकलेला आहे. बेअरिंग संपलेत. लॉक तर हातातच आलं. हे सगळं नवीन टाकल्याशिवाय काच धरणार नाही." सेक्शन म्हणजे शटरच्या चौकटीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. किती? आठ हजारांच्या पुढे. मी म्हटलं, काही करू नका, शटर आहे तसं आणून द्या. "कसं आणणार? कापून ठेवलंय. टेम्पो शीळला गेलाय. उद्या आलात तर बघा, पण पार्टीचा माल आम्ही जास्त दिवस ठेवत नाही."

आमचं शटर, पण पार्टीचा माल!

ह्या धंद्याचं सगळं गणित इथे बसलेलं आहे. दुकानाचा पत्ता तुमच्याकडे नाही. तो माजिवड्याचा पत्ता म्हणजे एका बंद गाळ्याचा, आमचे हे जाऊन बघून आले. शटर त्यांच्याकडे. पाऊस तुमच्याकडे. सासूबाईंची खोली तीच, त्यांना दम्याचा त्रास, गादी भिंतीपासून ओढून हॉलमध्ये आणली, खिडकीला ताडपत्री बांधली तर वाऱ्याने ती रात्रभर फडाफडा वाजत होती. दुसरा काचवाला बोलवावा तर तो विचारतो, शटर कुठाय? नवं शटर बनवायचं तर रिकाम्या ट्रॅकवर माप, पावडर कोटिंगचा रंग जुळवणं, पुन्हा दिवस. ते हे सगळं ओळखून असतात. म्हणूनच फोन पाऊस लागल्यावर येतो.

घासाघीस होऊन ७,२०० ला तुटलं. शटर आलं तेही दुसऱ्या दिवशी दिवे लागल्यावर. आठ-दहा मिनिटांत बसवलं, वर 'टफन' लिहिलेलं निळं स्टिकर, आणि हातात बिल : काच १० फूट १,८००, सेक्शन २,४००, बेअरिंग ६००, लॉक ४५०, रबर ५००, सिलिकॉन ३५०, वर १८ टक्के जीएसटी. सिलिकॉन कुठे लावलंय ते मी विचारलं. "आतून आहे." रबरानेच काच धरणाऱ्या शटरमध्ये आतून सिलिकॉन कशाला!

सकाळी उजेडात पाहिलं तेव्हा पहिली शंका सासूबाईंनाच आली. त्या म्हणाल्या, हे आपलं नाहीच. मला वाटलं रात्रभर झोप नाही म्हणून बोलतायत. पण त्यांनी बोट ठेवलं ते बरोबर जागेवर. दिवाळीत आकाशकंदिलाची वायर खिडकी बंद केल्यावर दबू नये म्हणून ह्यांनी शटरच्या उभ्या पट्टीला खालच्या बाजूने कानशीने एक खाच पाडली होती, करंगळी जाईल एवढी. ती खाच नव्हती. मग एकेक दिसायला लागलं. पांढरा रंग किंचित पिवळसर. पट्टी हाताने दाबली तर लवते. आधीचं शटर सरकवायला मनगट लावावं लागायचं, हे बोटाने पळतं आणि वारा आला की ट्रॅकमध्ये खुळखुळतं. बिल्डरने दिलेलं जाड सेक्शनचं शटर त्यांनी ठेवून घेतलं होतं आणि पातळ सेक्शनचं, बहुधा कुणाच्यातरी भंगारातल्या पट्ट्या कापून जुळवलेलं, आम्हाला लावलं होतं. वर त्याच पट्ट्यांचे २,४०० आमच्याकडूनच घेतले. ॲल्युमिनियम भंगारात किलोवर जातं, त्यामुळे जाड शटर म्हणजे त्यांना दुहेरी कमाई.

काचेचंही तेच. स्टिकर नखाने निघालं. खऱ्या टफन काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचा शिक्का असतो, तो नखाने काय, तारेच्या घासणीनेही जात नाही. भारतीय मानक ब्युरोच्या परवान्याची काच असेल तर आयएसआय खूण, आयएस २५५३ हा मानक क्रमांक आणि परवाना क्रमांक असतो, आणि तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घालून बघता येतो. दुसरी परीक्षा ह्यांच्या गाडी चालवायच्या गॉगलची. पोलराइज्ड गॉगल लावून सकाळच्या आभाळाकडे टफन काचेतून तिरकं पाहिलं तर गार करणाऱ्या झोतांचे पुसट ठिपके किंवा पट्टे दिसतात. ते कसे असतात हे कळायला मोटारीच्या मागच्या काचेकडे बघा, ती बहुतेक टफनच असते. आमच्या खिडकीत ठिपका नाही की पट्टा नाही, नुसतं आभाळ. नुसतं गॉगलवर मात्र विसंबू नका, उजेड सरळ असेल तर खरी काचही कोरी दिसते. शिक्का बघा.

जाडीचा घोळ काच बसवण्याआधीच पकडता येतो, कारण बसल्यावर कड रबरात लपते. कडेला मोजपट्टी धरा. किंवा वजन करा : काचेचं वजन १ मिमी जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. आमच्या मापाची काच ५ मिमी असती तर साडेनऊ किलोच्या आसपास भरली असती, ४ मिमी साडेसात. घरच्या वजनकाट्यावर हा फरक सहज कळतो. आमची नंतर काढली तेव्हा मोजपट्टीवर ४ निघाली, आणि कडा न घासलेल्या, हात कापेल अशा. म्हणजे भट्टीचं तोंडही न पाहिलेली साधी काच.

बिलावरचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होत होता, म्हणजे महाराष्ट्राचा, म्हणून पहिल्या नजरेला खरा वाटला. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये तो घातला तर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या, काचेशी काडीचाही संबंध नसलेल्या धंद्याचा निघाला, तोही रद्द झालेला. म्हणजे तो १८ टक्केही सरळ खिशात. हा क्रमांक तपासायला अर्धं मिनिट लागतं आणि लॉगिन लागत नाही. पैसे देण्याआधी फोनवरच मागायला हरकत नाही. खरा दुकानदार सांगतो, खोटा चिडतो.

शेवटी काम केलं ते नौपाड्यातल्या एका जुन्या काचवाल्याने. ओळख सोसायटीच्या सुताराकडून निघाली. तो आला, शटर उतरवून जमिनीवर ठेवलं, रबर काढून काचेची खाच मोजली, दोन्ही कर्ण मोजले, मिलिमीटरमध्ये कागदावर लिहिलं, माझी सही घेतली आणि हात हलवत गेला. फक्त कागद घेऊन. पातळ पट्ट्यांत टफन टिकणार नाही म्हणून शटरही नवं करावं लागलं, पण तेही माप नेऊन बनवलं, आणि नवं हातात येईपर्यंत जुनं जागेवरच होतं. खोली एक तासही उघडी राहिली नाही. भाव विचारला तेव्हा तो फोनवाल्याच्या १८० पेक्षा चढाच होता, हेही सांगते. म्हणून नुसता स्वस्त-महाग बघून काही कळत नाही.

तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर केली. १९१५ हा नंबर, मराठीतही बोलता येतं. बिल, क्यूआरच्या पेमेंटचा स्क्रीनशॉट, कॉलची यादी, आणि गेटवरच्या ॲपमधली दोघांच्या एंट्रीची वेळ आणि फोटो असं सगळं जोडलं. सेक्रेटरींनी ती नोंद लगेच काढून दिली. बऱ्याच सोसायट्यांत ती काही काळाने पुसली जाते, तेव्हा लागलीच मागून घ्या. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायचं झालं तर ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकीलच हवा असंही नाही. पैसे देऊन कुणी फिरकलंच नाही, ऑनलाइन गंडवलं असा प्रकार असेल तर १९३० वर लगेच फोन करायचा, तिथे जितका उशीर तितकी रक्कम हातातून जाते.

आमचे पैसे आलेले नाहीत. त्यांचा नंबर बंद आहे. पण दुकानाचा तोच फोटो, पांढऱ्या टेम्पोला टेकवलेल्या काचा आणि पुढे निळी प्लास्टिकची खुर्ची, आता वेगळ्या नावाने ऐरोली आणि घणसोलीच्या शोधात वर येतोय. खाडीपलीकडच्या मंडळींनी तो दिसला तर शटर ट्रॅकमधून हलवू देऊ नका.