सूर्यकिरणचं हॉक: कसरतीच्या विमानाची पारख

१९९६ मध्ये बिदरला भारतीय वायुदलाचं सूर्यकिरण हे हवाई कसरतींचं पथक उभं राहिलं ते किरण मार्क २ विमानांवर. २०११ मध्ये ती विमानं नव्या वैमानिकांच्या शिक्षणासाठी लागली आणि पथक थांबलं. २०१५ मध्ये ते परतलं ते हॉक मार्क १३२ घेऊन, आणि पुढे पुन्हा ९ विमानांचं झालं. हॉक मुळात लढाऊ वैमानिक घडवणारं विमान, बंगळुरूला एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कारखान्यात परवान्याखाली बांधलेलं. त्याचा पल्ला, शस्त्रं वगैरे इथे बाजूला ठेवू. प्रश्न एवढाच: शेजारचं विमान ५ मीटरवर असताना आणि अख्खा ताफा लूपमध्ये, म्हणजे उभ्या गोल गिरकीत, उलटा होत असताना हे यंत्र वैमानिकाला किती साथ देतं?

बसण्याच्या रचनेत हॉक निर्विवाद सरस आहे. किरणमध्ये दोन खुर्च्या शेजारी-शेजारी. डाव्या खुर्चीतून डावीकडचं लख्ख दिसतं, पण लीडर उजवीकडे असेल तर मधे शेजारची खुर्ची आणि कॉकपिटची अख्खी रुंदी आडवी येते. हॉकमध्ये खुर्च्या एकामागे एक, त्यामुळे वैमानिक बरोबर मध्यरेषेवर बसतो आणि दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. फॉर्मेशनमध्ये (ठरलेल्या रचनेत एकत्र उडताना) याला फार किंमत आहे, कारण लीडर सोडून बाकी कुणीच क्षितिजाकडे बघत नाही. पुढच्या विमानावरच्या दोन खुणा, समजा पंखाच्या टोकाचा दिवा आणि धडावरचं एखादं चिन्ह, एका रेषेत धरायच्या. रेषा मोडली की जागा सुटली. कॅनॉपीच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या, काचेवर एक नागमोडी पट्टी दिसते. ती स्फोटक दोरी. इजेक्शनच्या (संकटात वैमानिकाला खुर्चीसकट बाहेर फेकण्याच्या) वेळी आधी ती काच फोडते, मग खुर्ची बाहेर पडते. खूण नेमकी त्या पट्टीआड गेली तर डोकं किंचित सरकवावं लागतं. याहून मोठी तक्रार दृश्यतेबद्दल करता येणार नाही.

इंजिनाबद्दल मात्र सावधपणे बोलायला हवं. हॉकचं अडूर इंजिन टर्बोफॅन आहे, म्हणजे काही हवा गाभ्याला वळसा घालून जाते. किरण मार्क २ चं ऑर्फियस साधं टर्बोजेट होतं, सगळी हवा गाभ्यातूनच नेणारं. अडूरची ताकद बरीच जास्त, पण इंजिन कमी फेऱ्यांवर असताना थ्रॉटल (ताकद वाढवण्याचा दांडा) पुढे ढकलला तर जोर यायला वेळ लागतो. ब्रिटनच्या रेड अ‍ॅरोज पथकाने आपल्या हॉकच्या इंजिनांचा प्रतिसाद मुद्दाम जलद करून घेतला, तो याचसाठी. नवा वैमानिक इथेच चुकतो. मागे पडलो म्हणून थ्रॉटल जास्त देतो, जोर उशिरा येतो, तोवर विमान पुढे घुसलेलं असतं, मग तो थ्रॉटल एकदम मागे ओढतो. लीडरजवळ ही चूक हातभर असली तरी रांगेच्या टोकाशी चाबकाच्या शेंड्यासारखी मोठी होते. उपाय म्हणजे थ्रॉटलवर हात सतत चालू ठेवायचा, पण हालचाल अगदी बारीक आणि आधीच ओळखून करायची. लीडरही पूर्ण ताकद कधीच वापरत नाही. बाहेरच्या विमानाला वळणात लांबचा फेरा पडतो, त्याच्यासाठी ताकद शिल्लक ठेवावी लागते. बिदर समुद्रसपाटीपासून २,००० फुटांहून उंच आहे. उन्हाळ्यात हवा आणखी विरळ होते आणि ही शिल्लक आणखी आटते.

लीडरच्या थेट मागे उडणाऱ्याला आणखी एक पथ्य पाळावं लागतं: पुढच्या विमानाच्या इंजिनातून येणाऱ्या झोताखालीच राहायचं. थोडं वर सरकलं की आधी शेपटीचा उभा पंख झोतात शिरतो आणि विमान थरथरू लागतं. ही थरथर म्हणजेच इशारा.

आता धूर. हा धूर काही जळून होत नाही. डिझेल जेटपाइपच्या (इंजिनाचा झोत बाहेर नेणाऱ्या नळीच्या) तोंडाशी सोडतात, गरम झोतात त्याची वाफ होते आणि बाहेरच्या थंड हवेत तिचे बारीक थेंब होऊन पांढरा पट्टा उमटतो. रंग हवा असेल तर डिझेलमध्ये डाय (रंगद्रव्य) मिसळतात. सगळा साठा पोटाखाली लावलेल्या पॉडमध्ये (टाकीमध्ये) असतो आणि तो फार नसतो. रेड अ‍ॅरोजच्या हॉकचा हिशेब ५ मिनिटं पांढरा, प्रत्येकी १ मिनिट लाल आणि निळा असा आहे. म्हणून कसरतीत कुठल्या क्षणी धूर सुरू, कुठे बंद, हे आधीच ठरलेलं असतं आणि लीडरच्या शब्दावर सगळे एकदम बटण दाबतात. इंजिन कमी ताकदीवर असेल तर झोत पुरेसा तापत नाही आणि पट्टा विरळ पडतो.

सुरक्षिततेत हॉक वरचढ आहे. मार्टिन-बेकर कंपनीची इजेक्शन खुर्ची जमिनीवर, शून्य वेगातही वैमानिकाला बाहेर काढू शकते. इंजिन बंद पडलं तर पाठीवरचं छोटं पंख्यासारखं टर्बाइन बाहेर येतं आणि कंट्रोलपुरता हायड्रॉलिक दाब मिळत राहतो. तरीही इंजिन एकच आहे, आणि खाली उडताना पक्षी आत गेला तर विचाराला सेकंदच मिळतात. जमिनीजवळ, एवढ्या दाटीत उडताना कुठलीच खुर्ची हमी देत नाही. १९ फेब्रुवारी २०१९ ला बंगळुरूतल्या येलहंक्याजवळ सरावात दोन हॉक एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांत मिळून असलेल्या तिघांपैकी दोघे वाचले, एक वैमानिक गेला.

दौऱ्यावर कामी येणारी एक सोय राहिली. हॉकमध्ये स्वतःचा गॅस टर्बाइन स्टार्टर आहे, त्यामुळे परक्या धावपट्टीवर इंजिन चालू करायला बाहेरच्या गाडीवर अडून राहावं लागत नाही. ९ विमानं एका वेळी सुरू करायची असतात तेव्हा ग्राउंड क्रूचं केवढं ओझं यामुळे हलकं होतं! शेपटीवर चिकटलेला डिझेल-डायचा थर मात्र त्यांनाच हाताने पुसून काढावा लागतो.