कॉन्सिएर्जरी, पॅरिस: गवताची कोठडी आणि नावांची खोली

लेकीकडे पॅरिसला गेलो तेव्हा सेन नदीकाठचा हा जुना तुरुंग बघितला. मी पंचवीस वर्षं रेशन दुकान चालवलंय. धान्य संपलं की रांगेचा आवाज कसा बदलतो, ते मला ठाऊक आहे. 1789 मध्ये, फ्रेंच राज्यक्रांती झाली तेव्हा, इथल्या मजुराची बहुतेक कमाई पावातच जायची. तो राग खराच होता.

कोठड्या नीट बघा. पैसेवाल्या कैद्याला खाट मिळे, गरिबाला जमिनीवर गवत. क्रांतीच्या तुरुंगातसुद्धा! मी तिथेच खिळलो.

मग नावांची खोली. क्रांतिकारी न्यायालयापुढे उभ्या केलेल्यांची नावं भिंतभर आहेत, त्यांत साधी कष्टकरी माणसंही. जून 1794 च्या कायद्याने आरोपीचा वकीलही काढून घेतला. त्यामागे असलेला क्रांतीचा पुढारी रोबेस्पिएर सातच आठवड्यांत, 28 जुलैला, खटल्याविनाच गिलोटिनवर, म्हणजे मान उडवण्याच्या यंत्रावर, गेला. माझ्या अंगावर काटा आला.

इथे कैदेत असलेल्या राणी मारी आंत्वानेतची खोली बघायला सगळेच जातात. तुम्ही बायकांच्या अंगणातही थांबा. तिथे कैदी बायका कपडे धुवायच्या, ते दगडी कुंड अजून आहे. आमची ही त्यावर हात ठेवून बराच वेळ उभी होती.