मुलुंडचा कॉलेज-तयारीचा वर्ग (लर्निंग डिसॅबिलिटी असलेल्या मुलांसाठी): आमचा सहा महिन्यांचा अनुभव

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, परवा लेकाची एफवायची (कॉलेजच्या पहिल्या वर्षाची) पहिली सेमिस्टर संपली तेव्हा म्हटलं आता बसून लिहूनच काढू. वर्गाचं नाव टाकत नाहीये कारण तिथे शिकवणाऱ्या ताईंनीच सांगितलंय, एका बॅचला आठच मुलं घेतात आणि आधीच रांग आहे. पण असा वर्ग नेमकं काय शिकवतो, पैसे वसूल होतात का, हे लिहिते, म्हणजे तुमच्या गावात-शहरात कुणी असं काही चालवत असेल तर काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

आधी आमची पार्श्वभूमी. आम्ही डोंबिवलीचे, लेक मराठी मीडियमचा. दुसरी-तिसरीत बाई म्हणायच्या हुशार आहे पण आळशी आहे, लिहायला नको असतं त्याला. त्याला त्रेसष्ट सांगितलं की तो ३६ लिहायचा, कारण कानावर आधी तीनच पडतं ना, मग साठ. आपली मराठीतली आकड्यांची नावं अशीच उलटी आहेत. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' असं आलं तेव्हा सगळीकडे केवढी चेष्टा झाली आठवत असेल. आमचा तेव्हा सातवीत होता, मी ते त्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, आई हे मला आधी का नाही कुणी सांगितलं. मी उठून आत गेले, त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. तसंच पहिल्या वेलांटीचं, उच्चार नंतर पण लिहायची आधी, 'किती' लिहिताना त्याचा हात तिथेच अडायचा. पुढे सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात (तिथलं लर्निंग डिसॅबिलिटी क्लिनिक जुनं आहे) डोळे, कान, बुद्ध्यांक आणि मग लेखन-वाचन-गणिताच्या सगळ्या टेस्ट झाल्या, सर्टिफिकेट मिळालं, डिस्लेक्सिया (म्हणजे वाचन-लेखनातली अडचण) आणि सोबत गणिताचीही अडचण.

दहावीला सवलती मिळाल्या. महाराष्ट्रात बोर्डाच्या सवलती १९९६ पासून आहेत, जास्तीचा वेळ, स्पेलिंगच्या चुका न धरणं, एक भाषा सोडून कार्यानुभव, बीजगणित-भूमिती सोडून खालच्या इयत्तेचं गणित वगैरे. शाळेत सगळं मीच करायचे. अर्ज मी, झेरॉक्स मी, हेडमास्तरांना भेटायला मी. लेक बाहेर बाकावर बसून असायचा. बारावीपर्यंत हेच चाललं आणि मला वाटायचं मी आई म्हणून सगळं नीट करतेय.

मधे एका ठिकाणी भरपूर पैसे गेले, तेही सांगून टाकते. तिथे म्हणाले होते सहा महिन्यांत डिस्लेक्सिया 'बरा' करून देतो. डिस्लेक्सिया म्हणजे ताप नव्हे बरा व्हायला. नीट शिकवणारा मिळाला तर वाचन सुधारतं, युक्त्या येतात, पण मेंदूची वाचायची पद्धत तीच राहते. कुणी बरं करून देतो म्हणालं की तिथून सरळ उठून या.

आता या वर्गाबद्दल. मार्च ते ऑगस्ट, आठवड्यातून तीन दिवस दोन-दोन तास, महिन्याला साडेचार हजार. बारावीची परीक्षा संपल्या संपल्या सुरू झाला त्यामुळे ऍडमिशनचा सगळा काळ त्यातच आला हे फार बरं झालं. दोन ताई आणि एक सर. पहिल्याच दिवशी मी सवयीने बोलायला लागले, ह्याला असं होतं, ह्याला तसं होतं, तर ताईंनी मला हाताने थांबवलं आणि लेकाकडे बघून विचारलं, तुला काय अवघड जातं? त्याला उत्तरच देता येईना. अठरा वर्षांचा मुलगा, त्याचे सगळे रिपोर्ट माझ्या फाईलमध्ये आणि त्यात काय लिहिलंय हे त्याला माहीतच नाही. कधी कुणी सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

म्हणून पहिले पंधरा दिवस त्यांनी फक्त तेवढंच केलं. प्रत्येक मुलाने आपापला रिपोर्ट समजून घ्यायचा, वाचायचा म्हणजे ऐकायचा, आणि तीन वाक्यांत सांगायचा. मग टेबल मांडून खोटं ऑफिस तयार करायचे, टेबलावर 'कार्यालय' अशी पाटी, सर क्लार्क व्हायचे आणि अगदी ऑफिसात बोलतात तसंच बोलायचे, अर्ज कुठाय, सर्टिफिकेटची अटेस्टेड कॉपी कुठाय, आज साहेब नाहीत उद्या या. पालकांना भिंतीशी बसवलेलं. आमच्याची पाळी आली, तो म्हणाला 'मला डिस्लेक्सिया आहे' आणि थांबून माझ्याकडे बघायला लागला. ताई म्हणाल्या, आईकडे बघू नकोस, आई आज आलेलीच नाहीये असं समज. मी ओठ दाबून बसले होते. मग हळूहळू बोलला, 'मला वाचायला वेळ लागतो, परीक्षेत जास्तीचा वेळ आणि लेखनिक हवाय, अर्ज कुणाकडे द्यायचा?' सर म्हणाले उद्या या. तो मागे फिरला. ताईंनी परत पाठवला, विचार कुणाला भेटायचं, किती वाजता, आणि आज अर्ज ठेवून घेता का. हे असं त्यांनी त्याच्याकडून किती वेळा करून घेतलं त्याची गणतीच नाही.

कायद्याचंही त्यांनी असंच केलं, लेक्चर दिलं नाही. मुलांना फोनवर ऐकून यायला सांगायचे आणि रात्री जेवताना घरच्यांना समजावून सांगायचं हा होमवर्क. त्यामुळे मला माझ्या मुलाकडून कळलं की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात अध्ययन अक्षमता (म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी) आली, १९९५ च्या जुन्या कायद्यात ती नव्हतीच. सर्टिफिकेटवर ४० टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजात ५ टक्के जागा राखीव असतात, आणि परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जास्त, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. आणि एक गोष्ट जी आम्ही हमखास विसरलो असतो ती म्हणजे सर्टिफिकेट आठ वर्षांपासून मिळतं आणि चौदा आणि अठरा वर्षांना परत करायचं असतं, अठरानंतरचं मग कायमचं. आमचं चौदाचं होतं. ताईंनी एप्रिलमध्येच नवीन करायला धाडलं, युडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्जही तेव्हाच भरून घेतला. शाळेत सवलत होती म्हणजे कॉलेजात आपोआप मिळेल असं अजिबात नसतं, तिथे अर्ज नव्याने करायचा आणि मुदतीत करायचा, हे बारावीच्या पालकांनी आत्ताच लिहून ठेवा.

बाकी रोजच्या जगण्याचं. बँकेची स्लिप भरायला बसवलं, अक्षरी रुपये लिहिताना 'एकोणऐंशी' त्याने पाच प्रकारे लिहिलं. युपीआय आहे की, असं मी म्हटलं तर सर म्हणाले, स्कॉलरशिपचं खातं उघडताना किंवा चेक लिहायची वेळ आली तर काय करणार. मग त्याने स्वतःच एक ते शंभरची अक्षरी यादी बारीक टायपात छापून फोनच्या कव्हरमागे सरकवून ठेवली, अजून आहे ती तिथे.

लोकलचंही तेच. इंडिकेटरवर गाडी कुठे जाणार त्याची टीएल, बीएल, डीएल अशी अक्षरं बदलत असतात, त्याला ती सगळी सारखीच दिसतात, आणि स्लो-फास्टचं एकच अक्षर, मुलुंडला फास्ट सहसा थांबत नाही. दुसऱ्या आठवड्यात फास्टमध्ये चढून घाटकोपरला पोचला. मी म्हटलं उद्यापासून मी सोडायला येते. ताई म्हणाल्या येऊ नका. त्याला सांगितलं, अनाउन्समेंट ऐक, आणि चढायच्या आधी दारातल्या माणसाला विचार, मुलुंडला थांबते का. एवढंच. परत चुकला नाही.

फोनचा वापर छान शिकवला. पानाचा फोटो काढून गुगल लेन्सकडून ऐकणं, एज ब्राउझरमध्ये मराठी पान मोठ्याने वाचून घेणं, बोलून टाईप करणं. मराठी आवाज आता बराच बरा आहे, पण पुस्तक जुनं, छपाई पुसट असेल तर जोडाक्षरं चुकतात आणि अर्थाचा अनर्थ होतो, तेही त्यांनी मुलांना दाखवून दिलं.

आता जे खटकलं ते. वर्कशीट जवळपास सगळी इंग्रजीत. आठातली तीन मुलं मराठी मीडियमची होती, त्यांना आधी भाषेशी झगडायचं आणि मग मुद्द्याशी, हे बरोबर नाही. आम्ही सांगितलं तेव्हा काही मराठीत करून दिली, पण ती पहिल्यापासून असायला हवीत. करिअरवर दोनच दिवस दिले, आयटीआय, हॉटेल मॅनेजमेंट, डिझाईन सगळं भरभर उरकलं. दहावीला बीजगणित-भूमिती सोडलेल्या मुलांना गणित लागणारे कोर्स पुढे अवघड होतात, हे नववीच्या पालकांना कळायला हवं, बारावीनंतर कळून काय उपयोग. पालकांची मीटिंग बुधवारी दुपारी चारला, नोकरी करणाऱ्याने कसं यायचं? शिवाय साडेचार हजार सगळ्यांना झेपत नाहीत, फीमध्ये सूट आहे पण ती स्वतःहून सांगत नाहीत, विचारावी लागते.

आणि आठ मुलांत मुलगी एकच. मुलींना हे होत नाही असं थोडंच आहे, पण मुलगी गप्प बसून मान खाली घालून लिहीत राहते म्हणून कुणी टेस्टला नेतच नाही. ज्यांच्या घरी अशी शांत, नीटनेटकी, तरी दरवर्षी मागे पडणारी मुलगी आहे त्यांनी प्लीज एकदा तपासून घ्या.

जुलैमधलं एक सांगते. कॉलेजच्या ऑफिसात सवलतीचा अर्ज द्यायचा होता. मी सोबत गेले पण गेटपाशी थांबले. पाऊस होता, चाळीस मिनिटं झाली तरी हा बाहेर येईना, मी दोनदा पायऱ्यांपर्यंत गेले आणि परत फिरले. आला तेव्हा शर्ट अर्धा भिजलेला. म्हणाला, काका म्हणाले असलं काही आमच्याकडे नसतं, मग मी कार्ड दाखवलं, तर म्हणाले उद्या या, मग मी विचारलं कुणाला भेटू, मग त्यांनी वर मॅडमकडे पाठवलं. आणि प्लास्टिकच्या पिशवीतून अर्जाची झेरॉक्स काढून दाखवली, त्यावर इनवर्डचा (अर्ज मिळाल्याचा) जांभळा शिक्का आणि तारीख. शिक्का मागायचा हे सरांनी शिकवलेलं, मला तर सुचलंही नसतं. सेमिस्टरला जास्तीचा वेळ मिळाला. लेखनिक मात्र पहिल्या पेपरला आला नाही, तो पेपर त्याने स्वतःच लिहिला, दुसऱ्यापासून आला.

मी पाचपैकी चार देईन, एक इंग्रजी वर्कशीटसाठी कापला. ज्यांना मार्क वाढवून हवेत त्यांनी इथे जाऊ नये, इथे विषयाचा अभ्यास घेत नाहीत. पुढची बॅच परत मार्चमध्ये आहे. भेटायला जाताना रिपोर्टची झेरॉक्स मुलाच्याच हातात द्या आणि त्याला घरून थोडं सांगून न्या, पहिला प्रश्न त्यालाच विचारतात.