नऊ व्होल्ट आणि अकरा हजार आठशे

गणपतीला आम्ही एसटीने देवरुखला गेलो आणि इलेक्ट्रिक गाडी बारा दिवस सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उभी राहिली. जाताना चार्ज 68 टक्के होता. परत आल्यावर रिमोट दाबला तर गाडी ढिम्म. दिवे नाहीत, हॉर्न नाही, दारही उघडेना. रिमोटच्या पोटात एक साधी किल्ली दडवलेली असते, हे मला वॉचमनकाकांनी दाखवलं.

मोबाइलवर कंपनीचं नाव टाकून 'रोडसाइड असिस्टन्स पुणे' शोधलं आणि सगळ्यात वर दिसलेला नंबर फिरवला. खरा नंबर गाडीच्या पुस्तकात होता. पुस्तक गाडीच्याच खणात, वरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेलं.

पाऊण तासात एक पोरगा आला. टी-शर्टवर लोगोसारखं काहीतरी, बोलणं अगदी मऊ. बॉनेट उघडून त्याने तिथल्या छोट्या बॅटरीला मल्टिमीटर लावला आणि आकडा माझ्यासमोर धरला. 9.1.

"साहेब, 320 व्होल्ट पाहिजेत, नऊ उरलेत. मेन पॅक, म्हणजे गाडी चालवणारी मोठी बॅटरी, डीप डिस्चार्ज झालाय, पार उतरलाय."

बायको म्हणाली, "अरे, पण जाताना अडुसष्ट टक्के होती ना?"

मी म्हणालो, "थांब जरा, त्याला बघू दे."

पॅक बदलायचा तर साडेपाच लाख, असं त्याने सांगितलं. माझा चेहरा पाहून मग सुटकेची वाटही त्यानेच दाखवली. "बीएमएस, म्हणजे पॅक सांभाळणारी यंत्रणा, रीसेट करून बघतो. फक्त कंपनीला आत्ता फोन करू नका. डीप डिस्चार्ज कळला की वॉरंटी जाते." पॅकला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी आहे, हे मला पाठ होतं. पण साडेपाच लाख ऐकल्यावर पाठांतर कुठल्या कुठे गेलं. आज वाटतं, सगळी फसवणूक त्या एका वाक्यात होती: कंपनीला फोन करू नका.

त्याने पिशवीतून बूस्टर काढून त्याच छोट्या बॅटरीला चिमटे लावले. स्टार्ट दाबल्यावर सीटखालून टक-टक आवाज आला, स्क्रीन उजळला. चार्ज 68 टक्के! मी इतका हरखलो की हा आकडा त्याच्या सगळ्या बोलण्याला खोटं पाडतोय, हे डोक्यातच आलं नाही. मग चाळीस मिनिटं स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर जोडून लॅपटॉपवर काळ्या स्क्रीनवरची हिरवी अक्षरं पळवणं चाललं. शेवटी 'सपोर्ट बॅटरी'ही बदलली. बॅटरी 7,500, रीसेट 3,500, व्हिजिट 800. एकूण 11,800, क्यूआर कोडवर, कुणा व्यक्तीच्या खात्यात. बिल व्हॉट्सॲपवर येणार होतं. ते अजून यायचंय. माझी दीड वर्षाची बॅटरी 'स्क्रॅप' म्हणून तो घेऊन गेला.

अठराव्या दिवशी गाडी पुन्हा बंद. या वेळी पुस्तकातला नंबर लावला. आलेल्या मेकॅनिकने बॅटरीवर हात फिरवला आणि हसला. नव्या स्टिकरच्या कडेने जुन्या स्टिकरचा चिकटा होता, टर्मिनलवर आधीच्या क्लॅम्पचे ओरखडे. भार टाकून केलेल्या लोड टेस्टमध्ये तर तिने क्षणात मान टाकली. मी 320 व्होल्टची गोष्ट सांगितली, तर म्हणाला, "320 व्होल्ट तो उघड्या हातांनी मोजत होता का?"

मग त्याने समजावलं. या गाड्यांत मोठ्या पॅकशिवाय 12 व्होल्टची एक साधी बॅटरीही असते. कुलपं, दिवे, स्क्रीन तिच्यावर चालतात. शिवाय मोठा पॅक गाडीला जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठे स्विचही, तिच्याच जोरावर लागतात. ती उतरली की कोठार भरलेलं असूनही दार उघडत नाही. ठणठणीत असेल तर गाडी बंद असताना ती 12.6 च्या आसपास दाखवते. माझी बॅटरी रिकामी केली होती मी हौसेने बसवून घेतलेल्या डॅशकॅमच्या पार्किंग मोडने, म्हणजे उभ्या गाडीतही कॅमेरा चालू ठेवणाऱ्या सोयीने. बूस्टरने गाडी रेडी करून तासभर तशीच ठेवली असती, तर मोठ्या पॅकमधूनच छोटी बॅटरी बऱ्यापैकी भरली असती. तेवढ्याने नसतं भागलं, तर नवी चार-सहा हजारांत मिळाली असती, पक्क्या बिलासकट. आता डॅशकॅमची वायर काढलीय. कुणी तुमच्या गाडीची 'मेन बॅटरी गेली' म्हणालं, तर त्याने मीटर कुठे टेकवलाय ते आधी बघा. मोठ्या पॅकच्या केबल नारिंगी असतात. त्यांच्या वाटेला आपण जायचं नाही, आणि असल्या पोरानेही नाही.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन 1930 वर आणि ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवलीय. पुरावा काय, तर यूपीआयचा एक स्क्रीनशॉट.

परवा बायकोने तिच्या फोनवरून तोच नंबर लावून पाहिला. तोच मऊ आवाज. "बोला मॅडम, गाडी कुठली? कंपनीला कळवलं नाही ना अजून?"