गाडीपेक्षा टायर तरुण

माझं कोल्हापुरात औषधाचं दुकान आहे. सगळा दिवस बॅच नंबर आणि एक्स्पायरी वाचण्यात जातो. घाऊकवाल्याच्या खोक्यात दोन महिन्यांवर आलेली एखादी स्ट्रिप निघाली तर ती मी उभ्या उभ्या परत करते. त्याच मी पावणेएकोणीस लाखांची वस्तू घेतली आणि तिच्यावर कोरलेली तारीख वाचली नाही. वाचली चार महिन्यांनी, तीही चाकांचे कोन जुळवून देणाऱ्या एका अलाइनमेंटवाल्यानं बोट ठेवून दाखवली तेव्हा.

शोरूमचं नाव देत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढं आहे. गाडी कुठली तेही सांगत नाही, कारण दोष मॉडेलचा नाही. तेच मॉडेल माझ्या ओळखीत दोघांकडे आहे आणि दोघं खूश आहेत.

मुलगी पुण्याला शिकते, त्यामुळं महिन्यातून दोनदा तरी महामार्ग ठरलेला. कागल-सातारा सहापदरीचं काम चाललेलं, जागोजागी वळवलेला रस्ता, समोरून लाइट मारणारे ट्रक. मला उंच गाडी नको होती आणि हलकी तर मुळीच नको होती. स्लाव्हिया आणि व्हर्टस या गाड्यांना ग्लोबल एनकॅप या धडक-चाचण्या घेणाऱ्या संस्थेनं एप्रिल २०२३ मध्ये पाच तारे दिले, व्हर्नाला त्याच वर्षी ऑक्टोबरात. त्या चाचणीत गाडीच्या तोंडाची एक बाजू ताशी ६४ किलोमीटरच्या वेगानं अडथळ्यावर आदळवतात. त्या धडकेचे व्हिडिओ मी रात्री दुकान बंद केल्यावर बघत बसायची. होंडा सिटी धरून एकूण चार गाड्या पाहिल्या आणि त्यातली एक पक्की केली. एवढा अभ्यास केलेला. पण तो सगळा मॉडेलचा, माझ्या वाट्याला आलेल्या गाडीचा नव्हे.

शोरूममधला मुलगा सगळं आमच्या ह्यांच्याकडे बघून सांगायचा. "सर, मॅडमना ऑटोमॅटिकच घ्या." ह्यांना गाडी चालवता येत नाही हे त्याला दोनदा सांगितलं, तरी टेस्ट ड्राइव्हची किल्ली ह्यांच्याच हातात. असो.

बुकिंग केलं पितृपक्षात. त्या पंधरवड्यात कुणी गाडी उचलत नाही, यार्डात माल साठतो, म्हणून सूट बरी मिळते हे खरं. पण साठलेल्या मालातून कुठला नग आपल्या नावावर पडतो, हे मी विचारलं नाही. ३ ऑक्टोबर २०२४, घटस्थापनेला बिल झालं. "मॅडम, चॅसिस अलॉट झाला, पेमेंट पूर्ण करा, दसऱ्याची डिलिव्हरी पक्की." चॅसिस अलॉट झाला म्हणजे यार्डातली नेमकी कुठली गाडी माझी, ते नंबरासकट ठरलं. गाडी बघायला येऊ का विचारलं, तर "यार्ड लांब आहे, तिकडं कस्टमरला अलाऊड नाही, आम्ही पीडीआय करतोच." पीडीआय म्हणजे डिलिव्हरीआधीची तपासणी. ती त्यांनीच करायची, त्यांनीच पास करायची.

इथं मी चुकले, आणि बहुतेकजण इथंच चुकतात. आता नव्या गाडीची नोंदणी शोरूममधूनच होते, गाडी आरटीओत न्यावी लागत नाही. नंबरप्लेट बसल्याशिवाय गाडी बाहेर सोडत नाहीत. सोय चांगली आहे. पण याचा अर्थ असा की लाल कापडाखालची गाडी तुम्ही पहिल्यांदा बघता तेव्हा ती कागदोपत्री तुमची झालेली असते. सोळा लाखांच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात १२ टक्के रोड टॅक्स, म्हणजे १ लाख ९२ हजार, सरकारजमा झालेले असतात. विम्याची पॉलिसी सुरू झालेली असते. त्या दिवशी "ही नको, दुसरी द्या" म्हणायची सोयच उरत नाही. बघायचं ते चॅसिस नंबर कळल्यावर आणि बाकीचे पैसे देण्याआधी. यार्ड लांब असेल तर लांब जायचं.

दसऱ्याला तिथं वीसेक गाड्या ओळीनं कापडाखाली. नारळ, चाकाखाली लिंबं, केक, मोठी पुठ्ठ्याची किल्ली, फोटोग्राफर. सासूबाई ओवाळायला ताट घेऊन उभ्या, मागचं कुटुंब आमची जागा कधी रिकामी होते म्हणून ताटकळलेलं. त्या गर्दीत मुलानं पॅड पुढं केलं. चाळीसभर रकाने, सगळ्यांवर आधीच बरोबरच्या खुणा, खाली "गाडी पाहून पूर्ण समाधान झाले". मी सही केली. आयोगापुढं आज त्यांचा सगळा भर त्या एका सहीवर आहे.

गाडी डावीकडं ओढते हे मला आठवड्याभरात जाणवलं. खंबाटकीचा बोगदा सोडल्यावर सरळ रस्त्याला स्टिअरिंगवरची बोटं सैल केली की गाडी हळूच कडेला. पहिल्या फ्री सर्व्हिसला सांगितलं. सर्व्हिस ॲडव्हायझर हसला. "मॅडम, रस्त्यालाच डावीकडं उतार असतो, पाणी जायला." हे खरंच आहे, म्हणून मी गप्प बसले. अर्धसत्याला असं पटकन उत्तर देता येत नाही. पाच हजार किलोमीटरला परत तक्रार, परत अलाइनमेंट, नऊशे रुपये. शिवाय एसीची फवारणी आणि थ्रॉटल साफ करायचं दोन हजारांचं पॅकेज गळ्यात. दोन महिन्यांच्या गाडीत थ्रॉटलमध्ये कसला कचरा, देव जाणे.

नंतर दोन्ही जॉब कार्डं काढून बघितली. तक्रारीच्या रकान्यात "गाडी डावीकडं ओढते" असं कुठंच नाही. लिहिलंय "जनरल चेकअप". तोंडानं सांगितलेलं काहीच कागदावर आलेलं नव्हतं. जॉब कार्डावर आपली तक्रार आपल्या शब्दांत उमटेपर्यंत किल्ली द्यायची नाही, हे मी तेव्हापासून पाळते.

फेब्रुवारीत, ८,२०० किलोमीटरला, पुढच्या डाव्या टायरची आतली कड गुळगुळीत झालेली दिसली. मग कंपनीचा नाद सोडून उद्यमनगरात गेले. तिथला अलाइनमेंटवाला साठीचा, चष्मा कपाळावर. त्यानं गाडी मशिनवर घेतली, स्क्रीनकडं बघितलं, खाली वाकून चाकाकडं बघितलं आणि मला विचारलं, "ताई, गाडी कुठं आदळलीय वो?"

"आदळली नाही. नवी आहे. दसऱ्याची."

"नवी आसंल. पर आदळलीया."

त्यानं जे समजावलं ते असं. चाकाचे तीन कोन मोजतात. त्यातला टो, म्हणजे चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय ते, पाना लावून बसवता येतो. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) आणि कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागं कल) माझ्या गाडीत बसवायची सोयच नाही, कारखान्यातून येतात तेच. माझ्या डाव्या चाकाचा कॅम्बर उजव्यापेक्षा एका अंशानं जास्त आत झुकलेला, म्हणून टायरची आतली कड खाल्ली. आणि कॅस्टर कमी, म्हणजे चाक जागेवरून मागं सरकलेलं, म्हणून ओढ. सर्व्हिसवाले दर वेळी टो जुळवून गाडी परत देत होते. या दोन कोनांचे आकडे त्यांच्याही मशिनवर लाल दिसले असणारच.

मग त्यानं टायरवर बोट ठेवलं. टायरच्या कडेला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागच्या दोन्ही आणि पुढच्या उजव्या टायरवर ०४२४, म्हणजे २०२४ चा चौथा आठवडा, जानेवारीचा शेवट. डाव्यावर २२२४. मे संपता संपता.

"गाडी कवाची?"

फॉर्म २१, म्हणजे शोरूमनं दिलेलं विक्रीपत्र, डॅशबोर्डच्या कप्प्यातच होतं. त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. फेब्रुवारी २०२४.

गाडी जन्मली फेब्रुवारीत आणि तिचा टायर जन्मला मेअखेरीला! मी दसऱ्याला घेतलेल्या "ताज्या" गाडीचं वय आठ महिने होतं हाही तिथंच लागलेला शोध. ते विक्रीपत्र माझ्याकडं पहिल्या दिवसापासून होतं.

त्यानं बोनेट उघडून डाव्या फेंडरचे, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याचे, बोल्ट दाखवले. कारखान्यात बोल्ट आवळून मग रंग मारतात, त्यामुळं बोल्टच्या डोक्यावर रंग अखंड असतो. उजवीकडचे तसे होते. डावीकडच्या तीन बोल्टांच्या कडांवर पान्यानं रंग उडालेला, आतलं लोखंड दिसत होतं. डावा हेडलाइट उजव्यापेक्षा स्वच्छ, त्याच्या स्टिकरवर जूनची तारीख. शेजारच्या पेंटरकडं रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र होतं. टपावर ११०, उजव्या फेंडरवर ११५, डाव्या फेंडरवर २६०, डाव्या दाराच्या पुढच्या कडेला चारशेच्या वर. आकडे मायक्रॉनमध्ये. कारखान्याचा रंग साधारण शंभराच्या आगेमागे असतो. दीडशे-पावणेदोनशे दिसलं म्हणून लगेच आरडाओरडा करू नये, कारखान्यातही कधी कधी दुसरा हात मारतात. पण चारशे म्हणजे खाली लांबी, म्हणजे पोचा बुजवायची पुट्टी, भरलेली. बंपर प्लॅस्टिकचा, त्यावर यंत्र चालत नाही, आणि धडक नेमकी तिथंच पहिली बसते.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. बोनेटखाली डाव्या बाजूच्या पत्र्याला, जो धडकेत ठरलेल्या रीतीनं चुरगळून आतल्या माणसाला वाचवतो, तिथं सांध्यावरचा सीलर हातानं फासल्यासारखा होता. म्हणजे तो पत्रा ओढून सरळ केला असावा. रात्र रात्र बघितलेले पाच तारे अखंड गाडीला मिळालेले. माझ्या गाडीच्या डाव्या कोपऱ्याला त्यातले किती लागू, ते कुणी सांगणार नाही. आणि डाव्या सीटवर माझी मुलगी बसायची.

ट्रेलरवरून उतरवताना पडली, की यार्डात कुणी ठोकली, मला आजही माहीत नाही. वाटेत नुकसान होतं, त्याचा विमा असतो, दुरुस्तीही होते. ते सांगून, बिलावर लिहून, किंमत कमी करून विकली असती तर माझी तक्रार नव्हती.

शोरूमचा मॅनेजर पहिल्यांदा म्हणाला, "ट्रान्झिट स्क्रॅच असेल मॅडम." टायरचे फोटो दाखवले तर, "कंपनीतूनच मिक्स येतात." तारखेचं गणित मांडल्यावर त्यानं चहा मागवला. चहाबरोबर प्रस्ताव आला: दोन वर्षांची वाढीव वॉरंटी, सिरॅमिक कोटिंग, पंचवीस हजारांच्या ॲक्सेसरीज, आणि "माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही" असा टाइप केलेला कागद. सिरॅमिक कोटिंग कशावर, लांबीवर? सही केली नाही. या एका बाबतीत तरी दसऱ्यानं शहाणपण दिलं होतं.

कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल केली. उत्तर आलं की डीलर स्वतंत्र व्यावसायिक आहे, त्यानं केलेल्या विक्रीतल्या गोष्टींना आम्ही जबाबदार नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून कंपनीला विचारणा गेली आणि वॉरंटीचा तोच प्रस्ताव पुन्हा माझ्याकडं आला. तरीही तो नंबर फिरवावा, तारखेसकट नोंद राहते.

जूनमध्ये जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्ह्यातच चालते, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणं आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, शोरूम कुठंही असो. दहा ते वीस लाखांच्या वस्तूला फी फक्त चारशे रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. वकील नसला तरी चालतो. मी घेतला, कारण कागद फार होते. त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती तज्ज्ञाच्या अहवालाची. उद्यमनगरातल्या त्या अलाइनमेंटवाल्या चाचांचं म्हणणं शंभर टक्के खरं असलं तरी आयोगापुढं ते गप्पा ठरतं. म्हणून परवानाधारक सर्व्हेअरकडून फोटोंसह अहवाल करून घेतला. एक कळकळीची सूचना: असं काही सापडलं की घाईनं टायर बदलू नका, रंगाला हात लावू नका. मी तो गुळगुळीत टायर दुकानाच्या माळ्यावर ठेवलाय, सलाइनच्या खोक्यांशेजारी.

तारखा पडतायत. गाडी दारात आहे. मी ती ऐंशीच्या वर नेत नाही आणि मुलीला मागं बसवते, उजवीकडं, पट्टा लावून.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी उतरला आणि छोट्या गाड्यांवर झुंबड पडली. जावेनं एक बुक केली. वेगळी कंपनी, वेगळी शोरूम. यावेळी पैसे द्यायच्या आधी आम्ही दोघी बॅटरी घेऊन यार्डात गेलो. "अलाऊड नाही" झालं, फाटकावर अर्धा तास गेला, मग साहेबांचा फोन आला आणि सोडलं. दोन पांढऱ्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, त्यातली डावीकडची आमच्या चॅसिसची. मी बसकण मारून टायर वाचायला लागले. बरोबर आलेला मुलगा जेमतेम बावीस-तेविशीचा. तो माझ्याकडं बघत होता. चारही टायरांचा आठवडा एकच निघाला, बोल्ट अखंड, फॉर्मवरचा महिना जुळला. उठताना सहज माझी बॅटरी शेजारच्या गाडीच्या चाकाकडं वळली तर तो पटकन पुढं आला.

"मॅडम, तुमची ही चांगलीये," तो हळूच म्हणाला. "ती नका बघू."

चार दिवसांनी डिलिव्हरी घ्यायला गेलो तेव्हा ती शेजारची पांढरी गाडी दारातच उभी होती, लाल कापडाखाली, चाकाखाली लिंबं ठेवलेली.